हवेवरची मराठी आणि आपल्या गावची मराठी

१ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार प्रांतरचना अमलात आली आणि जुन्या बिदर जिल्ह्याची तीन राज्यांत वाटणी झाली. उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले. जहीराबाद, नारायणखेड आंध्रात गेले. बिदर, भालकी, हुमनाबाद, औराद हा भाग म्हैसूर राज्याला जोडला गेला. हुमनाबादच्या शेजारच्या आमच्या दुबलगुंडीचा सरकारी पत्ता त्या दिवशी बदलला. हैदराबाद संस्थान संपून आठच वर्षे झाली होती, तोवर हा दुसरा बदल आला. गावातल्या घराघरांत बोलणे मात्र पूर्वीसारखेच चालू राहिले. एका आळीत मराठी, दुसऱ्या आळीत कानडी, तिसरीकडे दखनी आणि बाजाराच्या दिवशी तिन्हींची सरमिसळ.

सीमाप्रश्नाची राजकीय बाजू वाचकांना पाठ आहे. महाजन आयोग, ठराव, मोर्चे आणि सर्वोच्च न्यायालयातला दावा यांवर वर्तमानपत्रांचे रकाने भरभरून लिहून झाले आहेत. भाषा विशेषांकाच्या निमित्ताने आम्ही आज वाचकांचे लक्ष एका वेगळ्या गोष्टीकडे वेधू इच्छितो. ती म्हणजे रेडिओ आणि त्यावरचे गाणे. शाळा, कचेरी आणि न्यायालय यांची भाषा कोणती असावी हे सरकार ठरवते. संध्याकाळी कोणते स्टेशन लावायचे हे मात्र घरातला माणूस ठरवत असे. सीमाभागातल्या मराठी माणसाची मराठी टिकण्यात या निवडीचा मोठा वाटा आहे, असे आमचे मत आहे. पण याच रेडिओने आपली एक गोष्ट कधी पुरती ऐकवली नाही, हेही तितकेच खरे. दोन्ही बाजू नीट मांडल्या पाहिजेत.

निजामाच्या रेडिओवर मराठी

आपल्या भागाचा रेडिओशी संबंध आकाशवाणीच्या आधीचा आहे. हैदराबादेत खासगी हौसेतून सुरू झालेले छोटेसे प्रक्षेपण केंद्र निजाम सरकारने १९३५ साली ताब्यात घेतले आणि पुढे ते ‘दख्खन रेडिओ’ या नावाने ओळखले जाऊ लागले. औरंगाबादेतही संस्थानाचे एक केंद्र होते. संस्थानाच्या कारभाराची भाषा उर्दू. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे शिक्षणमाध्यमही उर्दूच. कचेरीत अर्ज द्यायचा तो उर्दूत, दाखला मिळायचा तोही उर्दूत. असे असूनही या रेडिओवर उर्दूबरोबर तेलुगू, मराठी आणि कानडी कार्यक्रम होत असत.

यामागचे कारण सरळ आहे. हुकूम न समजणाऱ्या भाषेत काढता येतो, कारण तो पाळून घ्यायला शिपाई असतो. रेडिओपाशी शिपाई उभा करता येत नाही. ऐकणाऱ्याला कळले नाही तर तो खुंटी पिळून यंत्र बंद करतो. म्हणून ज्या राजवटीने शिक्षणात मराठी-कानडीला मागच्या बाकावर बसवले, तिलाही हवेवर मात्र या भाषांना जागा द्यावी लागली. भाषेचे बळ कशात असते याचा हा आपल्याच भागातला दाखला आहे.

या रेडिओच्या इतिहासातला सर्वांत मोठा दिवस म्हणजे १७ सप्टेंबर १९४८. १३ तारखेला भारतीय फौजा संस्थानात शिरल्या होत्या. सोलापूरकडून येणारी तुकडी नळदुर्ग, उमरगा, राजेश्वर या वाटेने पुढे सरकत होती, म्हणजे आपल्या गावांच्या उंबऱ्यावरूनच जात होती. तोवर दख्खन रेडिओवरून कासीम रझवी यांची जहाल भाषणे लोकांनी ऐकली होती. लातूरला वकिली केलेला हा माणूस रझाकारांचा पुढारी झाला होता. १७ तारखेला त्याच रेडिओवरून पंतप्रधान लायक अली यांनी मंत्रिमंडळाच्या राजीनाम्याची घोषणा केली आणि त्यानंतर खुद्द निजामाने युद्धबंदी जाहीर केली. सातव्या निजामाने आपल्या रयतेशी रेडिओवरून बोलावे हीच नवलाची गोष्ट होती. एका राजवटीचा शेवट लोकांनी फर्मान वाचून नव्हे, तर आवाज ऐकून जाणला. मराठवाडा आणि आपला भाग आज जो मुक्तिदिन पाळतो, त्याच्या आठवणीत हा आवाज मिसळलेला आहे.

१९५० साली हैदराबाद आणि औरंगाबाद ही दोन्ही केंद्रे ऑल इंडिया रेडिओकडे गेली. पुढे या संस्थेला ‘आकाशवाणी’ हे नाव मिळाले. आपण मराठी माणसे हा शब्द अगदी आपला समजून वापरतो. शब्द जुना संस्कृत आहे, पण रेडिओला हे नाव दिले गेले ते म्हैसूरला. तेथील मानसशास्त्राचे प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी यांनी १९३५ साली स्वतःच्या घरी प्रक्षेपण केंद्र सुरू केले आणि त्याचे नाव आकाशवाणी ठेवले. साऱ्या देशाने ते उचलले आणि २०२३ साली तर सरकारने इंग्रजी नाव बाजूला ठेवून सर्वत्र ‘आकाशवाणी’च म्हणावे असे ठरवले. पुण्या-मुंबईच्या घरात सकाळी जो शब्द कानावर पडायचा, तो कानडी मुलखातून आलेला होता.

दिवसाची स्टेशने आणि रात्रीची स्टेशने

ज्यांनी मध्यम लहरींचा रेडिओ ऐकला आहे त्यांना ठाऊक आहे की दिवसा जवळचेच केंद्र लागते आणि अंधार पडला की लांबलांबची केंद्रे आपोआप बोलू लागतात. यात जादू नाही. पृथ्वीच्या वातावरणाच्या वरच्या भागात उन्हामुळे एक थर तयार होतो आणि तो मध्यम लहरी शोषून घेतो. सूर्य मावळल्यावर तो थर विरून जातो. मग या लहरी आणखी वरच्या थरावर आपटून शेकडो मैलांवर खाली उतरतात. त्यामुळे सीमाभागातल्या श्रोत्याला रोज दोन मुलूख मिळत. दिवसा त्याच्या राज्याचे केंद्र आणि रात्री त्याच्या आवडीचे केंद्र.

आपल्या बाबतीत हे नेमके कसे जुळून आले ते पाहा. धारवाड केंद्र १९५० साली सुरू झाले. पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले. गुलबर्गा, म्हणजे आजचे कलबुर्गी, येथे १९६६ साली केंद्र आले आणि बिदर-गुलबर्ग्याच्या खेड्यांना जवळचा, स्वच्छ ऐकू येणारा आवाज मिळाला. पलीकडे १९६८ साली परभणी केंद्र सुरू झाले आणि मराठवाड्याची मराठी हवेवर आली. हैदराबाद केंद्र तर आधीपासूनच होते. नकाशावर ही नावे जोडली तर आपला भाग बरोबर मधोमध येतो. पुण्याच्या पेठेत राहणाऱ्याला पुणे एके पुणे. दुबलगुंडीसारख्या गावातल्या माणसाला मात्र काटा जरासा सरकवला की भाषा बदलता येत होती.

त्यात ट्रान्झिस्टर आला. पूर्वीच्या मोठ्या रेडिओला वीज लागे, छपरावर तार ताणावी लागे आणि दरवर्षी पोस्टात जाऊन परवान्याचे पैसे भरावे लागत. साठीच्या दशकात बॅटरीच्या सेलवर चालणारा ट्रान्झिस्टर खेड्यापाड्यांत पोचला. तो बांधावर नेता येत होता, बैलगाडीच्या दांडीला अडकवता येत होता. एकाचा ट्रान्झिस्टर आणि दहा जणांचे कान असा प्रकार असे. त्यामुळे मराठी घरातल्या पोराच्या कानी कानडी भावगीत पडे आणि कानडी घरातल्या म्हातारीला मराठी अभंगाची चाल ठाऊक होई. कोणी कोणाला मुद्दाम शिकवत नव्हते.

एका वर्षाची रामकथा

मराठी रेडिओच्या इतिहासातला सर्वांत गाजलेला प्रसंग म्हणजे गीतरामायण. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीच्या दिवशी, पुणे केंद्रावरून त्याचे पहिले गीत प्रसारित झाले. कल्पना केंद्रावरचे अधिकारी सीताकांत लाड यांची, शब्द ग. दि. माडगूळकरांचे आणि संगीत सुधीर फडके यांचे. दर आठवड्याला एक नवे गीत, असे वर्षभर. बावन्न गीतांची योजना होती, पण त्या वर्षी अधिक मास आला आणि गीतांची संख्या छप्पन्न झाली. माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, मालती पांडे, राम फाटक, ललिता फडके, लता मंगेशकर अशा अनेकांनी त्यात गायले. गाण्याच्या वेळी लोक रेडिओला हार घालत, उदबत्ती लावत, हे त्या काळच्या पुष्कळांनी लिहून ठेवले आहे.

यातली आम्हांला महत्त्वाची वाटणारी गोष्ट निराळी आहे. हे काव्य आधी पुस्तकात छापून मग गायले गेले नाही. ते रेडिओसाठीच लिहिले गेले आणि दर आठवड्याला कानाने वाचले गेले. ज्या बाईला अक्षरओळख नव्हती तिलाही ते पंडिताइतकेच मिळाले. शाळेत मराठी शिकायला न मिळालेल्या सीमाभागातल्या माणसाची स्थितीही काहीशी अशीच असते. त्याला वाचता येईलच असे नाही, पण ऐकलेली मराठी त्याच्याकडे असते. पुढे गीतरामायणाची अनेक भारतीय भाषांत रूपांतरे झाली. त्यांत कानडीही आहे.

मराठी गाण्याचा कानडी गळा

आता एका अशा गोष्टीकडे वळू, जी सीमेवरच्या वाचकाला इतरांपेक्षा लवकर पटेल. रेडिओने आणि त्याआधी ग्रामोफोनने जे मराठी गाणे घरोघर पोचवले, त्यातले फार मोठे गळे कानडी घरांतले होते.

भीमसेन जोशी यांचा जन्म १९२२ सालचा, आजच्या गदग जिल्ह्यातला. अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतील ठुमरीची ध्वनिमुद्रिका एका दुकानात कानी पडली आणि गाणे शिकायचेच या वेडाने अकरा वर्षांचा हा मुलगा घर सोडून निघाला, ही हकीकत प्रसिद्ध आहे. खाँसाहेब उत्तरेतल्या कैराण्याचे. ते मिरजेला स्थायिक झाले. त्यांचे शिष्य सवाई गंधर्व कुंदगोळचे आणि त्यांचे नाव झाले मराठी रंगभूमीवर. भीमसेन त्यांच्याकडेच शिकले. पुढे पुणे केंद्रावर राम फाटक यांच्या ‘स्वरचित्र’ या कार्यक्रमासाठी त्यांनी अभंग गायले आणि त्यांच्या ‘संतवाणी’ने महाराष्ट्र वेडा केला. हाच गवई कानडीत ‘दासवाणी’ म्हणून पुरंदरदासांची पदे गात होता. १९६६ सालच्या ‘संध्याराग’ या कानडी चित्रपटातही त्यांचे गाणे आहे. तुकोबा आणि पुरंदरदास यांच्यात सीमा आखायची तर ती त्यांच्या गळ्यात कोठे आखणार?

गंगूबाई हनगल यांची उदाहरणे द्यायची तर तीही तशीच. तीसच्या दशकात त्यांच्या पहिल्या ध्वनिमुद्रिका गांधारी या नावाने निघाल्या आणि गो. ना. जोशी यांच्याबरोबर त्यांनी मराठी भावगीतही गायले. मल्लिकार्जुन मन्सूर धारवाडजवळचे. ते मिरजेच्या नीलकंठबुवांकडे आणि नंतर मंजी खाँ, बुर्जी खाँ यांच्याकडे शिकले. नाट्यपद गाणारा हा गवई शरणांची वचनेही तितक्याच भक्तीने गात असे आणि पुढे धारवाड आकाशवाणीचा सल्लागारही झाला. कुमार गंधर्वांचे मूळ नाव शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकाळीमठ. जन्म बेळगावजवळच्या सुळेभावीचा, शिक्षण मुंबईत देवधर मास्तरांकडे आणि वास्तव्य माळव्यात देवासला. मराठी श्रोत्यांनी त्यांना परके कधी मानलेच नाही.

उलट दिशेनेही वाट वाहती होती. लता मंगेशकर यांनी १९६७ सालच्या ‘क्रांतिवीर संगोळ्ळी रायण्णा’ या कानडी चित्रपटासाठी गायले. ज्या वर्षी महाजन आयोगाचा अहवाल आला आणि सीमेवर वातावरण तापले, त्याच वर्षीची ही गोष्ट.

आणि मुळात विठ्ठलच कानडा, हे तर ज्ञानदेवांनीच सांगून ठेवले आहे. आपल्या भागात तर या मिश्रणाला गुरुपीठ आहे. हुमनाबादजवळच्या माणिकनगरचे माणिकप्रभू (१८१७ ते १८६५) यांचा जन्म बसवकल्याणजवळच्या लाडवंतीचा. त्यांनी मराठीत, कानडीत, हिंदी-उर्दूत आणि संस्कृतातही पदे रचली. त्यांच्या सकलमत संप्रदायात एका भाषेला उच्चासन आणि दुसरीला पायरी असा प्रकार नाही. रेडिओने जे विसाव्या शतकात केले, ते माणिकनगरच्या दरबारात एकोणिसाव्या शतकातच चालू होते.

तीन लिप्या, एक बोली

हिंदुस्थानी बोलीची कथाही सांगितली पाहिजे, कारण ती मराठी माणसापासूनच सुरू होते. १९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे माहिती व नभोवाणी मंत्री झाले. अभिजात संगीताचा त्यांना मोठा अभिमान होता. चित्रपटगीतांनी लोकांची अभिरुची बिघडते असे त्यांचे ठाम मत होते. आकाशवाणीवर चित्रपटगीतांना कात्री लागली, निर्मात्यांशी बिनसले आणि काही काळ ती गाणी जवळपास बंदच झाली. लोकांनी काय केले? काटा फिरवला आणि रेडिओ सिलोन लावला. महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी कोलंबोला उभारलेले जोरदार लघुलहरी प्रक्षेपक आता हिंदी गाणी वाजवत होते. त्याच वर्षाच्या अखेरीस तेथे ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली आणि बुधवारी रात्री आठ वाजता अमीन सयानी यांचा आवाज देशभर घुमू लागला. शेवटी आकाशवाणीलाच ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू करावी लागली. वरून लादलेली अभिरुची आणि वरून लादलेली भाषा या दोहोंचे काय होते, याचा हा धडा कोणत्याही राज्य सरकारने लक्षात ठेवावा.

सयानी यांची हिंदी इतकी सोपी का होती? त्याचे उत्तर त्यांच्या घरात आहे. त्यांच्या आई कुलसुम सयानी नवसाक्षरांसाठी ‘रहबर’ नावाचे पाक्षिक चालवत. भाषा एकच, साधी हिंदुस्थानी, पण अंक निघे देवनागरी, उर्दू आणि गुजराती अशा तीन लिप्यांत. लहानपणी आईला त्या कामात मदत करता करता हा मुलगा शिकला की ऐकणाऱ्याला जड जाईल असा शब्द वापरायचा नाही. २०२४ साली सयानी गेले तेव्हा मराठी, कानडी, तेलुगू सर्व भाषांतल्या वृत्तपत्रांनी त्यांच्यावर लिहिले. बिदरच्या दखनी कानांना तर तो आवाज शेजाऱ्यासारखा वाटत असे.

जी मराठी हवेवर आली नाही

इथवर रेडिओचे गुण गायले. आता उणी बाजू.

पुणे, मुंबई केंद्रांवरची मराठी ही प्रमाण मराठी होती. शुद्ध, नीटनेटकी, छापल्यासारखी. तिने आपल्याला पुष्कळ दिले. पण आपल्या गावात जी मराठी बोलली जाते ती तशी नाही. तिच्या वाक्याला कानडीचा हेल आहे आणि तिच्या व्यवहाराला उर्दूचे शब्द आहेत. आपण अर्ज, दाखला, तारीख, वसूल म्हणतो ते फारशी-उर्दूकडून आले. आपण अण्णा, अक्का, अप्पा म्हणतो ते कानडीकडून. आपले तूप कानडीत तुप्पा होते, चकली चक्कुली होते, उप्पीट उप्पिट्टू होते. सुपारी कातरायच्या अडकित्त्यातही कानडीतली अडिके, म्हणजे सुपारीच, बसलेली आहे. यातले बरेच शब्द आता पुण्यातही चालतात. तिथे ते मराठी ठरतात आणि आपण बोललो की मात्र लोक ‘तुमची मराठी कानडी वळणाची’ म्हणून हसतात.

रेडिओवर ही बोली क्वचितच आली, आणि आली ती बहुधा श्रुतिकेतल्या विनोदी गड्याच्या तोंडी. त्याचा परिणाम असा झाला की आपल्याच मुलांना वाटू लागले, खरी मराठी ती रेडिओतली आणि घरातली ती मोडकी. एकीकडे शाळेची भाषा कानडी, दुसरीकडे घरच्या मराठीची लाज. अशा मुलाने मराठी सोडली तर दोष एकट्या सरकारला देऊन चालणार नाही. त्यातला काही वाटा हसणाऱ्यांचाही आहे.

दुसरे नुकसान गाण्याचे. पिठाची गिरणी आली, जाते कोपऱ्यात गेले आणि जात्यावरची ओवी थांबली. पहाटेची ती रिकामी जागा रेडिओने भरून काढली. रेडिओने ओवी मारली असे आम्ही म्हणणार नाही. जाते ओढण्याचे कष्ट बायकांच्या हातून सुटले हे चांगलेच झाले. पण त्या कष्टांबरोबर जे शब्द होते ते कोणी उचलून ठेवले नाहीत. उमरग्याची लेक हुमनाबादकडे नांदायला आली की माहेरची ओवी घेऊन येई आणि सासरच्या कानडी शेजारणीकडून दोन शब्द त्यात मिसळी. अशा ओव्यांत सीमाभागाचा खरा इतिहास होता. माहेर एका राज्यात आणि सासर दुसऱ्या राज्यात पडले तेव्हा त्या बाईला काय वाटले, हे आयोगाच्या अहवालात सापडणार नाही. ओवीत कदाचित सापडले असते.

महाराष्ट्रात हे काम झाले आहे. गी पॉयटवँ आणि हेमा राईरकर यांनी कार्यकर्त्यांच्या साथीने हजाराहून अधिक गावांतून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यांतल्या कित्येक बर्नार्ड बेल यांनी ध्वनिमुद्रित केल्या. २०१७ पासून ‘पारी’ या संकेतस्थळावर त्या क्रमाने प्रसिद्ध होत गेल्या. हा ठेवा डोळे दिपवणारा आहे. पण त्यातली बहुतेक सारी गावे महाराष्ट्रातली आहेत. सीमेच्या अलीकडे मराठीतच ओवी गाणारी आमची आई-आजी त्यात अभावानेच भेटते. महाराष्ट्राच्या दृष्टीने आम्ही कर्नाटकातले, कर्नाटकाच्या दृष्टीने ही मराठी गाणी. दोघांच्याही यादीतून सुटणे हे सीमेवरच्या माणसाचे जुनेच नशीब आहे.

मध्यंतरी कॅसेटचे युग येऊन गेले. त्याने एक गोष्ट सिद्ध केली. गाणे लोकांपर्यंत पोचवायला मोठ्या केंद्राची परवानगी लागत नाही. मंगळवेढ्याकडचे प्रल्हाद शिंदे यांच्या खड्या आवाजातली विठ्ठलाची गाणी आणि भीमगीते जत्रेच्या भोंग्यावरून आणि टपरीवरून घरोघर गेली. त्या गायकीत गावाकडचा रांगडेपणा शाबूत होता आणि लोकांनी तोच डोक्यावर घेतला. आपली बोली लोकांना आवडत नाही हा समज तेव्हाच खोटा ठरला होता.

ऐका, चर्चा करा, कामाला लागा

मग आता करायचे काय? आम्हांला १९५६ सालच्याच एका प्रयोगाची आठवण होते. प्रांतरचना व्हायच्या काही महिने आधी, फेब्रुवारी ते एप्रिल या काळात, पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने तेव्हाच्या मुंबई राज्याच्या पाच जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांत रेडिओ शेतकरी मंडळे चालवली. गावकऱ्यांनी आठवड्यातून दोनदा एकत्र बसून अर्ध्या तासाचा कार्यक्रम ऐकायचा, त्यावर आपसांत चर्चा करायची आणि पटेल ते करायचे. एकूण वीस कार्यक्रम झाले. पॉल न्यूरथ यांनी त्याचा अभ्यास केला, तेव्हा नुसता रेडिओ असलेल्या गावांपेक्षा मंडळ असलेल्या गावांना अधिक लाभ झाल्याचे दिसून आले. म्हणजे यंत्रापेक्षा एकत्र बसणे मोलाचे ठरले.

अशी मंडळे आज आपल्या गावांत निघाली पाहिजेत. फरक एवढाच, की या वेळी आपण नुसते श्रोते राहायचे नाही. मध्यम लहरींची अनेक प्रक्षेपणे देशभर बंद होत आली आहेत आणि ट्रान्झिस्टर माळ्यावर गेला आहे. पण ध्वनिमुद्रणाचे यंत्र आता प्रत्येक तरुणाच्या खिशात आहे. पूर्वी ज्यासाठी पुण्या-मुंबईचा स्टुडिओ लागत असे, ते काम ओसरीवर बसून होते.

कामाची रीत साधी आहे. गावातल्या सत्तरीच्या पुढच्या बायाबापड्यांची यादी करावी. त्यांची परवानगी घेऊन, घाई न करता त्यांची गाणी, ओव्या, उखाणे, भजने आणि जुन्या रेडिओच्या आठवणी मुद्रित कराव्यात. कोणी गायले, माहेर कोणते, गाणे कोणाकडून शिकले, तारीख कोणती, हे आरंभीच बोलून नोंदवावे. शब्द लिहून घेताना ते सुधारू नयेत. मध्ये कानडी शब्द आला तर तो तसाच ठेवावा, दखनी आला तर तोही तसाच. एक प्रत शाळेत, एक वाचनालयात, एक घरात अशा तीन प्रती ठेवाव्यात. मराठी घराइतकेच कानडी आणि दखनी घरांतही जावे, कारण आपल्या ओवीचा अर्धा धागा तिकडे असण्याचा संभव आहे. महिन्यातून एकदा देवळाच्या पटांगणात किंवा शाळेत सर्वांनी मिळून ते ऐकावे.

त्यानंतर निवडक मुद्रणे घेऊन आकाशवाणीच्या केंद्रांकडे जावे. अलीकडे कलबुर्गीलाही जावे आणि पलीकडे परभणीलाही. ‘आमच्या भाषेला वेळ द्या’ अशी नुसती मागणी घेऊन जाणे आणि हातात ऐकवण्याजोगा माल घेऊन जाणे यांत फार अंतर आहे. ज्या निजामी रेडिओलाही मराठी-कानडीला जागा द्यावी लागली, तिथे आजच्या लोकांच्या रेडिओने ती नाकारण्याचे कारण नाही.

राज्यांचा वाद न्यायालयात आहे. तो कधी निकाली निघेल हे आपल्या हातात नाही, आणि तोवर सत्तरीची माणसे थांबणार नाहीत. पुढच्या महिन्यात सुगीची गडबड ओसरली की दुबलगुंडीपासून सुरुवात करावी, असा आमचा विचार आहे. ज्या गावांतून असे मंडळ निघेल त्यांनी आपल्या कामाची हकीकत या पत्राकडे धाडावी. ती आम्ही आनंदाने छापू, आणि ज्या बोलीत लिहून येईल त्याच बोलीत छापू.